अभिमानाचा हजेरीपट



आपल्या राज्याच्या अभिमानाच्या गोष्टी आणि आपल्या लोकांच्या तऱ्हा यांवर बोला, असे चालकांनी मला सांगितले. तऱ्हा शोधायला मला लांब जावे लागले नाही. वैशाखातला दिवस, अंगाची काहिली झालेली, आणि घरी वाऱ्याला पडून राहायचे सोडून माणसे सतरंजीवर बसून तासभर दुसऱ्याचे बोलणे ऐकतात, ही एक तऱ्हाच आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे हे वेड गावोगाव पसरले. उत्तरेकडून आमच्याकडे कामाला आलेल्या एका मित्राला मी हे सांगितले, तेव्हा त्याने विचारले, "भाषणानंतर जेवण असते का?" मी म्हटले, "नाही." तो म्हणाला, "मग लोक येतात कशाला?" या प्रश्नाचे उत्तर आपणच द्यावे.

माझ्याविषयी दोन शब्द सांगतो. मी सोलापूरचा. आठवीत शाळा सुटली आणि यंत्रमागावर उभा राहिलो. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या बाकावर झाले. हातपत्रकांची मुद्रिते तपासताना शुद्धलेखन शिकलो आणि कोर्टाचे निकाल वाचताना इंग्रजी. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा माझ्याकडून ठेवू नये. मला एकच कागद नीट वाचता येतो. तो म्हणजे हजेरीपट. कामगार तक्रार घेऊन आला की कारखानदाराचे पहिले उत्तर ठरलेले असते : "हा आमचा माणूसच नव्हे." मग आम्ही म्हणतो, मस्टर दाखवा. त्यावर नाव सापडले की माणूस खरा ठरतो, आणि नाव नसेल तर वीस वर्षे घाम गाळूनही तो तिथे कधी नव्हताच! आज मी आपल्या अभिमानाचे मस्टर मागणार आहे. ज्या ज्या गोष्टीने आपली छाती फुगते, ती कोणी केली आणि त्याचे नाव कुठे लिहिले आहे, एवढेच पाहायचे.

आपला अभिमान तसा मोठा बारीक आहे. राज्याचा तर असतोच, पण त्यात जिल्ह्याचा वेगळा, तालुक्याचा वेगळा आणि पेठेचा आणखी वेगळा. कोल्हापूरकर पुण्याच्या मिसळीला मिसळ म्हणायला तयार नाही, पुणेकर नाशिकची मिसळ खाऊन "ठीक आहे" म्हणतो, आणि पुणेकराचे "ठीक आहे" म्हणजे काय ते जाणकारांना ठाऊक आहे. नागपूरकर उन्हाचासुद्धा अभिमान बाळगतो. तुमच्याकडे ४२ अंश झाले तर तो सहज सांगतो की आमच्याकडे एवढ्यावर पंखा लावीत नाहीत. कोकणी माणूस आपल्या आंब्याची तारीफ करताना दुसऱ्याच्या आंब्याविषयी काही बोलत नाही, फक्त हसतो. आणि आम्ही सोलापूरकर? आमची शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पाहुण्याच्या पिशवीत कोंबल्याशिवाय त्याला गाडीत बसू देत नाही.

पुण्याच्या दुकानदारांची दुपारची झोप हा तर साऱ्या राज्याच्या थट्टेचा विषय. मी मात्र त्या थट्टेत सामील होत नाही. दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या नोकराला दुपारी पाठ टेकायला मिळत असेल तर कामगार चळवळीचा माणूस त्याला हसेल कसा? दुकान-नोकरांच्या कामाच्या तासांवर मर्यादा यावी म्हणून या प्रांतात १९४८ साली कायदा झाला होता. २०१७ च्या नव्या कायद्याने दुकाने आठवड्याचे सातही दिवस उघडी ठेवायला मोकळीक दिली. नोकराची आठवड्याची सुट्टी त्यात ठेवली आहे हे खरे, पण दहापेक्षा कमी नोकर असलेली दुकाने त्यातल्या बहुतेक बंधनांतून सुटली. आपल्याकडची बहुतेक दुकाने केवढी असतात, ते आपण जाणताच. तेव्हा दुपारची ती पाटी पुढच्या वेळी दिसली, तर हसण्याआधी आतल्या पोऱ्याचा विचार करावा.

आता मस्टर उघडू. सुरुवात ताटापासून करतो, कारण तिथे भांडण लवकर मिटते. एकादशीच्या उपवासाइतके अस्सल आपले दुसरे काय असणार? त्या दिवशी आपण साबुदाण्याची खिचडी करतो. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि आपल्या बाजारात तो येतो मुख्यतः तामिळनाडूतल्या सेलमकडून. त्यातले शेंगदाणे अमेरिकेतले, मिरची अमेरिकेतली, बटाटाही अमेरिकेतला. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी जो जिन्नस आपल्या एकाही पूर्वजाने चाखला नव्हता, तो आज उपवासाला चालतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या या मातीत पिकलेली ज्वारी त्या दिवशी चालत नाही! माझ्या शेंगाच्या चटणीचेही तेच. शेंगा आणि मिरची काढून घेतली तर खलबत्त्यात मीठ आणि लसूण उरेल. वडापावाचे घ्या. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर तो सुरू झाला असे सांगतात. त्यातला बटाटा आणि पाव हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांकडून आलेले.

शब्दांवरून आठवले. आमच्या धंद्याचे शब्द पाहा. हमाल हा शब्द अरबी, रोजंदारीतला रोज फारसी, युनियन इंग्रजी. आणि ज्याच्यासाठी सारे आयुष्य भांडलो तो पगार पोर्तुगीज! एवढे सगळे परके, तरी "पगार वाढवा" ही घोषणा ऐकून कोणी ती परक्या भाषेतली आहे असे म्हणत नाही. बी बाहेरून आले, शब्द बाहेरून आला, पण इथल्या हातांनी ते शिजवले, इथल्या तोंडांनी ते वापरले, म्हणून ते आपले झाले. आपलेपणा वापराने येतो, श्रमाने येतो, हा माझा पहिला मुद्दा.

आता माझ्या गावाचे मस्टर. सोलापुरी चादर घराघरात पोचली आहे. ती विणली कोणी? मोठ्या प्रमाणावर तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी. त्यांच्या घरांत आजही तेलुगू बोलतात, आणि महाराष्ट्राचे नाव त्या चादरीने देशभर नेले. आमचे ग्रामदैवत सिद्धेश्वर. बाराव्या शतकातल्या या सिद्धरामांनी आपली वचने कानडीत रचली. बाजारपेठेत एक मारवाडी दुकानदार तेलुगू बाईशी कानडी उच्चारांच्या मराठीत भाव करतो, आणि भावही ठरतो! १९३० च्या मे महिन्यात, गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटले, सरकारने लष्करी कायदा पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात आमच्या चौघांना फाशी दिली. त्यांची नावे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे. ही चार नावे एका दमात म्हणून पाहा. सोलापूर म्हणजे काय, ते वेगळे सांगावे लागत नाही.

सोलापूरहून कोल्हापूर दूर नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भौगोलिक मानांकन म्हणजे अमुक मालाचे नाव अमुक प्रदेशातल्या कारागिरांनीच वापरावे, असा कायद्याचा शिक्का. तो शिक्का मिळाला आठ जिल्ह्यांना : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार, आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातले चार. सीमेवरून दोन्ही राज्ये इतकी वर्षे भांडत आली. चपलेने मात्र ती सीमा कधीच मानली नाही. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील एका बड्या कंपनीने मिलान शहरात तशाच चपला मिरवल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही, तेव्हा आपण सगळे संतापलो. संताप योग्यच होता; पुढे त्या कंपनीला मूळ मान्य करावे लागले. पण श्रोतेहो, आपण स्वतः त्या चपलेच्या कारागिराचे नाव कधी घेतले होते? कातडे कमावणे, तळ कापणे, वेणी घालणे, हे काम पिढ्यान्‌पिढ्या ज्या चर्मकार समाजाने केले, त्याला त्याच गावात वेशीबाहेर ठेवले. वस्तू देवघराच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि माणूस गावकुसापलीकडेच राहिला. परक्याने नाव घेतले नाही तर अपमान, आणि आपण घेतले नाही तर रीत? हा हिशेब मला जुळत नाही.

मुंबईचे मस्टर तर फार मोठे. १ मे १९६० ला राज्य झाले. योगायोग असा की तो कामगार दिनही आहे. ज्यांना आपण १०६ हुतात्मे म्हणून स्मरतो, त्यांत कामगार आणि हातावर पोट असलेली माणसे पुष्कळ होती. म्हणून हुतात्मा चौकातल्या स्मारकावर मशाल धरून शेतकरी आणि कामगार उभे आहेत. ज्या शाहिरांनी ती चळवळ घरोघरी नेली त्यांतले अण्णाभाऊ साठे वाटेगावहून येऊन गिरणीत राबलेले, आणि अमर शेख आमच्या बार्शीचे. त्या गिरणगावात कोकण-घाटावरून आलेला गडी एका खोलीत पंधरा-वीस जणांबरोबर राहायचा, पाळीपाळीने झोपायचा आणि खाणावळीत जेवायचा. खाणावळ चालवणाऱ्या बायकांचे नाव मात्र कुठल्याच मस्टरवर नव्हते. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा या स्वयंपाकाला प्रथम काम म्हणून मान मिळू लागला. पुढे १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. आज त्या जागांवर उंच इमारती आहेत. त्या पाहून मुंबईचा अभिमान वाटणाऱ्यांनी जमिनीखाली कोणाचा पाया आहे हे विचारावे.

साखरेकडे वळतो. १९५० साली प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि साऱ्या देशाने त्याचा कित्ता गिरवला. शेतकऱ्यांनी भाग विकत घेऊन कारखान्याचे मालक व्हावे, ही मोठी गोष्ट होती. तिचा अभिमान मलाही आहे. पण या कारखानदारीतली एक मोजणी आपल्याला ठाऊक आहे का? दसरा-दिवाळी झाली की बीडकडची माणसे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. तिथे माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा कोयता. बाई पहाटे उठून भाकऱ्या थापते, नवऱ्याच्या बरोबरीने फडात वाकते, डोक्यावर मोळ्या घेऊन गाडीत भरते, आणि हिशेबात ती अर्ध्या कोयत्याची मूठसुद्धा नसते. आपल्या चहात जी साखर विरघळते तिच्या मस्टरवर अर्धी नावे नाहीत. हे मी कोणा एका कारखान्याला उद्देशून बोलत नाही; रीतच तशी आहे.

आता कोणी म्हणेल, हा माणूस अभिमानावर बोलायला आला आणि रडगाणे घेऊन बसला. तसे नाही. मला अभिमान आहे, आणि तो तुमच्याहून कमी नाही. माझी यादी जरा वेगळी आहे एवढेच. ऐका.

रविवारी आपण उशिरा उठतो. गिरणी कामगारांना आठवड्याची ती सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली. ती मिळवली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सत्यशोधक, ठाण्यात जन्मलेले, गिरण्यांत नोकरी केलेले, 'दीनबंधु' चालवणारे. त्या वर्षी त्यांनी भरवलेल्या कामगारांच्या सभेत दोन स्त्रियांनीही भाषणे केली होती. १८९७ साली प्लेगाच्या साथीत लोकांची सेवा करता करता ते गेले. रविवारचा वाटा सर्वांना पोचला, लोखंड्यांचे नाव मात्र थोड्यांनाच पोचले.

दुसरी गोष्ट माथाडीची. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. आज या धक्क्यावर, उद्या त्या वखारीत. त्याला मालकच नाही, मग हक्क कोणाकडे मागायचा? अण्णासाहेब पाटील यांनी ही माणसे संघटित केली आणि १९६९ साली आपल्या राज्याने माथाडी कायदा केला. मंडळाकडे हमालाची नोंद, मंडळातूनच मजुरी, आणि मजुरीवर आणखी वर्गणी घेऊन त्यातून निर्वाह निधी व रजा. मालक नसलेल्या माणसाला मस्टर देणारा असा कायदा देशात पहिल्यांदा आपल्याकडे झाला. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १९७४ पासून 'कष्टाची भाकर' चालवून स्वस्तात पोटभर जेवण दिले, तेही याच वाटेवरचे काम.

तिसरी गोष्ट तुमच्या पगारपत्रकावरच आहे. व्यवसाय कर म्हणून वर्षाला जास्तीत जास्त २५०० रुपये कापले जातात, आणि ते पाहून आपण कुरकुरतो. तो कर १९७५ साली का बसवला गेला? १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला रांगा लागल्या होत्या. मागेल त्याला काम द्यायची वि. स. पागे यांची कल्पना राज्याने उचलली, आणि तिच्या खर्चासाठी शहरातल्या कमावत्या माणसावर हा कर बसवला. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. २००५ साली देशाने असा कायदा केला तेव्हा त्याच्यापुढे आपलाच नमुना होता. शहरातल्या कारकुनाने दुष्काळी गावातल्या मजुराला हात दिला, आणि बहुतेकांना ते माहीतही नाही! किल्ल्यांचा अभिमान जरूर बाळगा. पण पगारपत्रकावरच्या त्या ओळीचाही बाळगा. तिथे सह्याद्री आहे आणि मराठवाडाही आहे.

आता जे खरे दुखते तिकडे येतो. गेली काही वर्षे आमच्याकडे टॉवेलच्या कारखान्यांत बिहार-ओडिशाकडची पोरे येतात. एका कारखान्यात मालकाने त्यांना कमी दराने ठेवले आणि जुन्या कामगारांना सांगितले, "परवडत नसेल तर जा, ही पोरे आहेत." सभेत आमची माणसे चिडून उठली. "ही परप्रांतीय पोरे हाकला, त्यांना सभासद करू नका, हा आमच्या गावाचा प्रश्न आहे," असा एकच गलका झाला. तेव्हा एक म्हातारा विणकर उभा राहिला. तेलुगू वळणाच्या मराठीत तो म्हणाला, "माझा आजा चालत इथे आला तेव्हा त्यालापण हेच म्हणले असतील. त्याला हाकलला असता तर तुमची चादर कोणी विणली असती? दर सारखा मागा. दर सारखा झाला की मालकाला कोण कुठला ते बघायचं कारणच उरत नाही." त्या दिवशी ठराव झाला. नव्या पोरांची नावे वहीत लिहिली. चार महिने भांडलो, आणि दर सारखा झाला. त्या म्हाताऱ्याइतका पक्का सोलापूरकर मी दुसरा पाहिला नाही.

मी असे म्हणत नाही की स्थानिकाला काम मिळू नये. जरूर मिळावे, ज्याच्या जमिनीवर कारखाना उभा राहतो त्याच्या मुलाला दारात ताटकळत ठेवणे हा अन्यायच आहे. पण आपला अभिमान दोन प्रकारे वापरता येतो. एक म्हणजे मस्टरवरची नावे खोडायला, आणि दुसरा म्हणजे राहिलेली नावे लिहायला. पहिल्या प्रकाराने स्वस्त मजूर वापरणाऱ्याचा फायदा होतो, आणि भांडणारे दोघेही उपाशी राहतात. दुसरा प्रकार सावकाश चालतो, पण त्याने राज्य मोठे होते. माझ्या राज्याचा इतिहास मी जेवढा वाचला, त्यात जे टिकले ते दुसऱ्या प्रकारानेच.

सोलापूरला आलात तर सिद्धेश्वराचे तळे पाहा, भुईकोट किल्ला पाहा. त्यानंतर कुंभारीला जा. तिथे विडी वळणाऱ्या बायकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढून मिळवलेली १०,००० घरांची वसाहत आहे. २००६ साली ती त्यांच्या ताब्यात आली. गोदूताई परुळेकरांचे नाव तिला दिले आहे. हजार विड्या वळल्याशिवाय जिची चूल पेटत नव्हती, त्या बाईच्या घराच्या दारावर आज तिचे नाव आहे. आमच्या गावचे हे प्रेक्षणीय स्थळ कोणत्याही पर्यटनाच्या पुस्तकात मला दिसले नाही, म्हणून मी तोंडी सांगतो.

तुमच्या गावातही असे काही असणार. कुठला घाट बांधणारे पाथरवट, कुठल्या बाजारातले हमाल, कुठल्या शाळेची घंटा चाळीस वर्षे वाजवणारा शिपाई. त्यांची नावे शोधा. येत्या १ मेला झेंडावंदन झाले की पाच मिनिटे आणखी थांबा, आणि आपल्या गावाच्या मस्टरवर राहून गेलेली पाच नावे मोठ्याने वाचा. शाळेतल्या मुलांनाच हे काम द्या. म्हाताऱ्यांना विचारून ती बरोबर शोधून आणतील. एवढे या गावात झाले, तर माझी खेप वाया गेली नाही असे मी समजेन.

 जय महाराष्ट्र, जय कामगार!